स्फोटकांचा टेम्पो, जखमी फायरमन आणि सहा महिन्यांची मुदत

वाचकाचा प्रश्न: मी ३२ वर्षांचा असून सोलापुरात अग्निशमन दलात ठेकेदारामार्फत फायरमन आहे. पगार १८,००० रुपये. सात महिन्यांपूर्वी पुणे महामार्गावर मोहोळच्या अलीकडे टेम्पो पेटल्याची वर्दी आली. टेम्पोवर कसलीही खूण नव्हती आणि चालक पळून गेला होता. आम्ही पाणी मारत असताना मागच्या भागात स्फोट झाला. आत दगडखाणीसाठी चाललेल्या जिलेटिनच्या कांड्या होत्या, हे नंतर कळले. माझ्या उजव्या हाताची दोन बोटे गेली आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आहे. टेम्पोमालकाने ४०,००० रुपये देऊन स्टॅम्प पेपरवर 'माझी काही तक्रार नाही' अशी सही घेतली. साहेब म्हणतात, फाइल वर गेली आहे, थांबा. मला भरपाई मिळेल का?

उत्तर: अशी पत्रे माझ्याकडे नेहमी येतात. कधी उलटलेल्या टँकरजवळ बंदोबस्ताला उभा राहिलेला हवालदार लिहितो, कधी रुग्णवाहिकेचा चालक, आणि प्रत्येकाला कोणीतरी 'थांबा' म्हणून सांगितलेले असते. टेम्पोमालकाची चूक होती का, हे मी इथे उगाळत बसत नाही, कारण त्याबद्दल तुमच्या मनात शंका नाही आणि माझ्याही नाही. तुमचे सगळे प्रकरण अडले आहे ते वाया गेलेल्या सात महिन्यांवर.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांच्या आत भरपाईचा अर्ज केला नसेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला तो विचारात घेता येत नाही. १९८८ च्या मूळ कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती, पण पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याची सोयही होती. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतच काढून टाकली, आणि पुढची जवळपास तीन दशके जखमींना अर्ज कधीही करता येत असे. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिने परत आणले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले, आणि या वेळी उशीर माफ करण्याची तरतूद मात्र परत आली नाही. तुमचे साहेब बहुधा जुन्या काळाच्या आठवणीवर तुम्हाला थांबायला सांगत आहेत. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण फाइल वर जाणे म्हणजे न्यायाधिकरणात अर्ज दाखल होणे नव्हे, आणि हे रुग्णालयातून बाहेर पडल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही एखाद्या वकिलाला विचारायला हवे होते. जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाने स्वतःच्या हक्काबाबत इतके गाफील राहावे, याचा मला मनापासून त्रास होतो.

तरीही दार पूर्ण बंद झालेले नाही. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ सहा महिने उलटले एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असे सांगितले आहे. हा आदेश अंतरिम आहे, अंतिम निकाल नव्हे. उद्या मुदत वैध ठरली, तर आज दाखल झालेल्या उशिराच्या अर्जांचे काय होईल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मात्र अर्जच दाखल नसलेल्या माणसाला त्या निकालाचा काही उपयोग होण्याची शक्यता फार कमी, हे उघड आहे. म्हणून हे उत्तर वाचल्यानंतर येणाऱ्या पहिल्या कामाच्या दिवशी सोलापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज दाखल करा आणि सोबत उशिराची कारणे सांगणारे शपथपत्र जोडा. त्यात रुग्णालयातील दिवस, शस्त्रक्रियेच्या तारखा आणि कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार यावा. 'साहेबांनी सांगितले' हे वाक्य एकट्याने पुरणार नाही.

दुसरा आधार याहून भक्कम ठरू शकतो आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कलम १५९ प्रमाणे तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने तीन महिन्यांच्या आत अपघाताचा अहवाल तयार करून न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि कलम १६६(४) प्रमाणे तो अहवालच भरपाईचा अर्ज समजला जातो. २०२२ च्या नियमांत त्याचे टप्पेही ठरवून दिले आहेत: ४८ तासांत पहिला अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. हा अहवाल वेळेत गेला असेल, तर तुमचा अर्ज कायद्याच्या दृष्टीने मुदतीतच दाखल झाला आहे, असे ठामपणे म्हणता येईल. गेला नसेल, तर पोलिसांच्या चुकीचा भुर्दंड जखमीने का सोसावा, हा युक्तिवाद तुमच्या हाती राहतो.

तुमच्या प्रकरणात तो गेला नसावा, अशी मला दाट शंका आहे, आणि त्याचे कारण गुन्ह्याच्या नोंदीत सापडेल. अशा घटनांत पोलीस स्फोटक कायद्याची कलमे लावतात, भारतीय न्याय संहितेचे कलम २८८ लावतात, आणि समोर जळालेला टेम्पो उभा असूनही त्या घटनेला वाहन अपघात म्हणून नोंदवत नाहीत. मग ई-डार या अपघात-नोंदीच्या सरकारी संगणक प्रणालीत नोंद होत नाही आणि न्यायाधिकरणाकडे काहीच पोहोचत नाही. एफआयआरची प्रत काढून लावलेली कलमे पाहा. मोटार वाहन कायद्याचा उल्लेख नसेल, तर कलम १५९ खालील अहवाल पाठवावा, असा लेखी अर्ज पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे द्या, त्याची प्रत ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे द्या आणि दोन्हींवर पोच घ्या. तरीही हालचाल झाली नाही, तर पोलिसांना अहवाल दाखल करण्याचा आदेश द्यावा, अशी विनंती न्यायाधिकरणालाच करता येते.

टेम्पोची विमा कंपनी इथे म्हणेल की हा अपघात नव्हता, उभ्या गाडीतील मालाचा स्फोट होता. या आक्षेपाला आपल्याच भागातील प्रकरणाने उत्तर मिळालेले आहे. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी सातारा जिल्ह्यात महामार्गावर एक पेट्रोल टँकर ट्रकला धडकून रस्त्याकडेला आडवा झाला, त्यातून पेट्रोल गळत राहिले आणि सुमारे चार तासांनी स्फोट होऊन जवळ जमलेली माणसे दगावली. धडक आणि स्फोट यांच्यात इतका वेळ गेला असूनही हे मृत्यू मोटार वाहनाच्या वापरातूनच उद्भवले, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवले. तुमचा टेम्पो माल घेऊन जाताना पेटला, म्हणजे तुमची बाजू त्याहूनही सरळ आहे. शिवाय तुम्ही त्या गाडीतील प्रवासी नव्हता आणि तिच्या मालकाचे नोकरही नव्हता, तेव्हा विम्याच्या भाषेत तुम्ही तिऱ्हाईत, म्हणजे 'थर्ड पार्टी' आहात.

यानंतर कंपनीचा खरा मारा येईल तो वेगळ्याच बाजूने: फायरमन इतक्या जवळ गेला कशाला? आग स्फोटकांच्या मालापर्यंत पोहोचली असेल, तर ती विझवू नये, मागे हटावे, हे जगभरच्या अग्निशमन दलांना शिकवले जाते. अमेरिका आणि कॅनडातील दलांच्या मार्गदर्शिकेत अशा वेळी सर्व दिशांना १६०० मीटर परिसर रिकामा करायला सांगितले आहे. कंपनीचा वकील हेच तुमच्या अंगावर टाकून भरपाईत कपात मागेल. त्याचे उत्तर तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे, 'टेम्पोवर कसलीही खूण नव्हती', आणि ते वाक्य पुराव्याने उभे करणे हे तुमच्या वकिलाचे मुख्य काम राहील.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२९ ते १३७ हे नियम धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठीच आहेत. माल पाठवणाऱ्याने चालकाला मालाची आणि धोक्याची लेखी माहिती द्यायची, चालकाने तो कागद, ज्याला ट्रेम कार्ड म्हणतात, केबिनमध्ये हाताशी ठेवायचा, गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे मालाचे नाव व आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक लिहिलेला फलक लावायचा, स्फोटके असतील तर फुटणाऱ्या गोळ्याचे चित्र असलेली नारिंगी चौकट लावायची, आणि अपघात होताच चालकाने जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचे. ही काळजी तुमच्यासारख्या, सर्वांत आधी पोहोचणाऱ्या माणसासाठीच घेतलेली आहे. लांबून ती नारिंगी चौकट दिसली असती, तर तुमच्या पथकाने होजपाइप उलगडण्याऐवजी वाहतूक थांबवून लोकांना मागे हटवले असते. त्याऐवजी कोणीतरी जिलेटिन साध्या टेम्पोत भरून ताडपत्री ओढली, आणि त्याची किंमत तुमच्या हाताने चुकवली. याचा मला राग येतो आणि तो अर्जातही दिसला पाहिजे.

त्यासाठी तुमच्या केंद्रातील वर्दी नोंदवहीची त्या दिवसाची नक्कल माहिती अधिकाराखाली मागा. वर्दी देणाऱ्याने 'टेम्पोला आग' एवढेच सांगितले होते, हे त्यात असेल तर उत्तम. पंचनामा, आणि रस्त्यावरच्या लोकांनी स्फोटापूर्वी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे मिळवा, ती हळूहळू पुसली जातात. स्फोटक कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अशी दुर्घटना स्फोटक नियंत्रकांना कळवणे बंधनकारक आहे. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोने, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, चौकशी केली असेल, तर तिचा अहवालही मागवा.

बाकीच्या गोष्टींवर कागद पाहिल्याशिवाय मी ठाम बोलणार नाही. स्टॅम्प पेपरवरील सहीने कायद्याने दिलेला दावा सहसा बुडत नाही, फार तर ते ४०,००० भरपाईतून वजा होतील, पण मजकूर पाहावा लागेल. ठेकेदाराकडून कामगार म्हणून मिळणारी भरपाई, जी पूर्वी १९२३ च्या कायद्याखाली होती आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे, ती आणि मोटार अपघाताची भरपाई या दोन्ही घेता येत नाहीत. कलम १६७ प्रमाणे एकच वाट निवडावी लागते, म्हणून ठेकेदार पुढे करील त्या अर्जावर आत्ता सही करू नका. पगारातून ईएसआयची (कामगार विम्याची) कपात होत असेल, तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पगाराच्या चिठ्ठ्या वकिलाला दाखवा.

रकमेचा अंदाज मात्र देतो, कारण तो माहीत नसल्यामुळे माणसे थोडक्यात सुटका करून घेतात. वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. तुमच्या वयाला गुणक १६ लागतो, आणि चाळिशीच्या आत असल्याने ठराविक पगारात भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवले जातात. महिना २५,२०० प्रमाणे वर्षाचे ३,०२,४०० होतात, त्याची सोळा पट ४८,३८,४००. कमाईच्या क्षमतेतील घट ३० टक्के धरली, तरी १४,५१,५२० रुपये होतात, आणि उपचार व वेदनांची रक्कम वेगळी. ३० टक्के हा माझा नमुन्याचा आकडा आहे. सिव्हिल रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्या, आणि कमी ऐकणारा फायरमन पथकात उभा राहू शकतो का, याबद्दल डॉक्टरांची साक्ष ठेवा, कारण तुमच्या कामात कान गेल्याचे नुकसान प्रमाणपत्रातील टक्क्यांहून मोठे आहे. निकालाला काही वर्षे लागतील. निकाल विरोधात गेल्यास अपील आता मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जाईल, एवढीच काय ती सोय.

अर्ज दाखल झाल्यावर विमा कंपनीचा अधिकारी कलम १६४ खाली गंभीर दुखापतीचे अडीच लाख रुपये घेऊन येण्याची शक्यता आहे. त्यात चूक सिद्ध करावी लागत नाही आणि पैसे लवकर मिळतात, म्हणून मोह होईल. पण कलम १४९ च्या पद्धतीने, म्हणजे त्या अधिकाऱ्याशी तडजोड करून, ते स्वीकारले, की कलम १६६ च्या परंतुकाप्रमाणे तुमचा अर्ज आपोआप संपतो. तेव्हा तो अधिकारी आला, तर त्याचा कागद घ्या, सही करू नका आणि त्याच संध्याकाळी आपल्या वकिलाकडे जा.