उत्तर: मुली गळतायत म्हणताय सर, आधी जन्मतारखा तपासा

सर, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातनं जाईना. तुमच्या शाळेच्या रग्बी टीममध्ये जूनमध्ये २२ मुली होत्या, दिवाळीनंतर ९ राहिल्या, घरचे म्हणतात हा पोरांचा खेळ, हातपाय मोडले तर पुढं काय, आणि महिन्याभरात जिल्ह्याची निवड चाचणी. माझी पहिली टीम अगदी अशीच होती म्हणून लिहायला बसले, जरा लांबेल.

नियम, पास मागंच द्यायचा, ट्रायचे (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडं टेकवल्याचे) ५ गुण वगैरे तुम्हाला माहितीच असणार, ते सोडते. टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणारीला धरून पाडणं, कधी सुरू करू असं विचारलंय. माझं मत, पहिले दोन-तीन महिने नुसतं टच खेळवा, म्हणजे पाडायचं नाही, फक्त हात लावायचा. धावणं, पास, जागा शोधणं यातच मुलींना गोडी लागते, आणि आईबापांना पहिल्या आठवड्यात ढोपर फुटलेलं दिसत नाही. तुमच्या बहुतेक मुली कबड्डीच्या आहेत म्हणालात, तर एक सांगते. कबड्डीची मुलगी पकडीला घाबरत नाही हे खरं, पण ती धरलेलं सोडत नाही. रग्बीत समोरची खाली पडली की सोडावंच लागतं, नाहीतर पेनल्टी. आमच्या मुलींनी पहिल्या मॅचमध्ये याच एका कारणानं किती पेनल्ट्या दिल्या मोजता येणार नाहीत. दुसरं म्हणजे डोकं कुठं ठेवायचं. बाजूनं टॅकल करताना डोकं तिच्या मागच्या अंगाला, पुढं कधीच नाही, हे आधी गुडघ्यावर बसवून, मग चालत, मग पळत, असं शंभर वेळा करून घ्या. खो-खोच्या मुली असतील तर त्यांना विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, टाका, त्यांची हुलकावणी आयती तयार असते.

आता ज्यासाठी खरं लिहायला घेतलं ते. तुमच्या पोस्टमध्ये शेवटी एकच ओळ आहे, "दोघींच्या कागदात थोडा फरक आहे, बघू नंतर." सर, नंतर नको. माझी टीम टॅकलनं नाही मोडली, ह्या "नंतर"नं मोडली.

आपल्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो हे तुम्हाला सांगायला नको, शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजींनी टाकलेली तारीख. माझ्या टीममधल्या एका मुलीची शाळेच्या जनरल रजिस्टरला १ जून, ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर नोव्हेंबरातली तारीख, आणि आधारला १ जानेवारी. तीन कागद, तीन तारखा. तशाच आणखी दोघी. मला हे जुलैमध्येच दिसलं होतं. मी शाळेतनं तारीख दुरुस्तीचा प्रस्ताव करून घेतला, सगळ्या झेरॉक्स जोडल्या आणि स्वतः त्या ऑफिसात नेऊन दिला. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही. टेबलावरच्या माणसानं फाईल घेतली, "ठेवा, होईल" म्हणाला आणि मी पोच न घेता परत आले. पोच नाही, आवक नंबर नाही, काही नाही. ओळखीचा माणूस, त्याच्याकडं पोच कशी मागायची असं वाटलं मला.

त्यानंतर चार महिने, सात चकरा, प्रत्येक वेळी शाळेतनं अर्धी रजा टाकून. एकदा साहेब मीटिंगला, एकदा प्रतिज्ञापत्र लागेल, ते करून नेलं तर आईचं नाव दाखल्यावर वेगळं आहे, ते निस्तरलं तर म्हणाले मंगळवारी या, आणि शेवटच्या चकरेला तिथं दुसराच माणूस बसलेला, तो म्हणाला असा प्रस्ताव आमच्याकडं आलेलाच नाही. दाखवा पोच. काय दाखवणार? त्यात वर सुनावलं, "मॅडम, मुलींच्या खेळासाठी एवढी धावपळ कशाला करता." ते वाक्य मी अजून विसरले नाही.

राज्य निवडीच्या आदल्या दिवशी कागद तपासणी झाली आणि तिघी बाहेर. तपासणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, वयोगटाची स्पर्धा आहे, कागद जुळायलाच हवेत. बारा जणींतल्या नऊ उरल्या, त्यातली एक घोटा मुरगळलेली. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीत, अर्धा डाव सात मिनिटांचाच असतो, लोकांना कमी वाटतं, पण दिवसाला तीन मॅच आणि बदली एकच, म्हणजे मुली अक्षरशः ओढत होत्या पाय. हरलो, त्याचं काही नाही. पण त्या तीन तारखांच्या मुलीच्या वडिलांना तयार करायला मला आठ महिने लागले होते. ते स्टँडवर तिला घ्यायला आले, मला एवढंच म्हणाले, "मॅडम, कागदाचं तरी बघायचं होतं." ती परत आली नाही. तिच्यामागनं आणखी चार गेल्या.

तेव्हा सर, त्या नऊच्या नऊ मुलींचे तिन्ही कागद या आठवड्यात एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघा. माझ्या अनुभवानुसार शाळेच्या रजिस्टरची दुरुस्ती मुलगी शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत होते, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन बाहेर पडली की फार अवघड. आधारला जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, म्हणून आधार सगळ्यात शेवटी, बाकीचे दोन जुळल्यावरच. मी वकील नाही, नियम बदलत असतात, तुमच्या जिल्ह्यात विचारून खात्री करा. पण पोच घ्याच. शिक्का, तारीख, आवक नंबर. तो असला तर महिन्यानं लेखी विचारता येतं, दहा रुपयांत माहिती अधिकार टाकता येतो. नसला तर तुमची फाईल जन्मालाच आली नाही असं समजा. आणि तारीख खरी तीच लावा, वय कमी करून खेळवायचे सल्ले देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, मुलीचं पुढचं सगळं त्या तारखेवर असतं, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीला गेलं तरी.

पालकांचं म्हणाल तर मीटिंग बोलावून भाषण देऊन मला तरी काही मिळालं नाही. आयांना मैदानावर आणा. आणि उदाहरण द्या. भारताची महिला टीम पंधरा जणींचं रग्बी २०१८ मध्ये पहिल्यांदा खेळली आणि पुढच्याच वर्षी मनिलात सिंगापूरला २१-१९ हरवलं, कॅप्टन आपल्या पुण्याची वाहबिज भरूचा, शेवटची पेनल्टी मारणारी ओडिशाची सुमित्रा नायक. हे ऐकून एका आजोबांनी मला दोनदा विचारलं, "पुण्याची पोरगी?" तिसऱ्या दिवशी नात मैदानावर. कोल्हापूरकडच्या मुली इंडियाच्या टीममधनं खेळल्यात हेही सांगा, शहरातल्या जिमखान्याचा खेळ आहे असं वाटणाऱ्यांना त्यानं फरक पडतो.

शॉर्टवरनं कोणाच्या घरी अडत असेल तर भांडू नका, मुलींना शॉर्टखाली लांब टाइट्स घालायची नियमातच मुभा आहे, रेफ्रीला आधी सांगून ठेवायचं. आणि पांढरी शॉर्ट अजिबात घेऊ नका, पाळीच्या दिवसांत मुली त्याच भीतीनं दांडी मारतात आणि कारण सांगत नाहीत. आयर्लंडच्या महिला टीमनं २०२३ मध्ये याचसाठी पांढऱ्या सोडून निळ्या घेतल्या. तुमची गळती दिवाळीनंतर झाली म्हणताय, नवीन किट तेव्हाच आलं का?

डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी तिला परत आत सोडायचं नाही, ती कितीही म्हणाली तरी, आणि डॉक्टरांना दाखवायचं. यावर मी कोणाचं ऐकत नाही.

त्या दोघी नववीत आहेत का दहावीत ते आधी सांगा. दहावीत असतील तर हातात फक्त मार्चपर्यंतचा वेळ आहे, मग प्रस्तावाला कायकाय जोडायचं ते मी आजच लिहून पाठवते.