मारल्याशिवाय ऐकतच नाही हो! (वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

यावेळची बरीचशी पत्रं आणि मेसेज सोलापूरचे आहेत आणि विषय एकच, पोरांना मारणं. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. नावं छापत नाही आणि कुणी फोन करून विचारलं तरी सांगणार नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही विडी घरकुलमध्ये राहतो. मी घरी विड्या वळते, मिस्टर यंत्रमागावर रात्रपाळीला असतात. सकाळी येऊन झोपतात, खोली एकच, आणि पोरगं नऊ वर्षांचं, शाळा दुपारची, सकाळभर एक मिनिट गप बसत नाही. आवाज झाला की ते उठतात आणि हाणतात. ते नाही उठले तर मी हाणते, कारण ते उठायच्या आधी त्याला गप करायचं असतं. परवा भिजवलेल्या पानांवर चहा सांडला तर लाटण्यानं मारलं मी. रात्री पायावरचा वळ बघून झोप आली नाही. पण ताई, मारल्याशिवाय ऐकतच नाही हो, काय करू? (एक आई)

उत्तर : ताई, तुमचं एक वाक्य मी परत परत वाचलं, 'ते उठायच्या आधी गप करायचं असतं'. तोच दंगा त्यानं संध्याकाळी सहाला केला तर कुणी काही बोलतं का? नाही ना. म्हणजे पोरगं तेच, आवाज तोच, पण सकाळी मार आणि संध्याकाळी काही नाही. मग मार कशाचा बसतोय, चुकीचा की वेळेचा? माझं म्हणणं एवढंच आहे, आणि खालच्या सगळ्या उत्तरांत तुम्हाला तेच दिसेल, की पोरांना बसणारा बहुतेक मार हा मोठ्या माणसाच्या थकव्याचा, झोपेचा, पैशाच्या टेन्शनचा असतो, पोराची चूक फक्त त्या वेळेला समोर सापडते.

एक वही करा. उपदेश वगैरे काही लिहू नका, नुसती वेळ लिहायची, किती वाजता हात उठला आणि त्या आधी घरात काय चाललं होतं. आठवडाभरानं बघा. मला वाटतं बहुतेक नोंदी मिस्टरांच्या झोपेच्या वेळेत आणि विड्या द्यायला जायच्या आधीच्या गडबडीत निघतील, हजार पुरे झाले नसतील आणि त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतील ही धाकधूक असते तेव्हा. मग त्या वेळेचं काहीतरी करायचं. तुमच्या वसाहतीत रात्रपाळीची घरं काय एकच नाहीत, दोनतीन आयांनी मिळून ठरवा, ज्या घरात कुणी झोपलेलं नाही तिथं सकाळी पोरं बसतील, आज तुमच्याकडं उद्या तिच्याकडं. 'जा बाहेर खेळ' म्हणून भागत नाही हे मलाही माहितीय, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिसाच्या वर असतो, पोरगं जाणार कुठं.

चहा सांडला तर फरशी त्यालाच पुसायला लावा, चहाचा कप परत त्यालाच धुवायला लावा, झालं. पण पानं आणि तंबाखू आवरायला लावू नका हं, विडीचं काम मुलांकडून करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे आणि तंबाखूची धूळ त्याच्या छातीला चांगली नाही (तुमच्याही नाही, पण ते वेगळं पत्र होईल).

हात उठायला लागला की कळतं आपल्याला, आधी दात आवळले जातात, आवाज चढतो. त्या क्षणी उंबऱ्याबाहेर जा. पाणी प्या. त्याला सांगा, मला आत्ता लई राग आलाय, थोड्या वेळानं बोलते. आणि मारलंच तर नंतर सरळ म्हणा, मी मारायला नको होतं, माझं चुकलं. सासूबाई म्हणतील आईनं माफी मागितली की पोरं डोक्यावर बसतात. नाही बसत. उलट चुकल्यावर काय म्हणायचं असतं ते त्याला पहिल्यांदा कुणीतरी करून दाखवलेलं असतं.

मिस्टरांशी बोलायचं ते मार बसल्यावर लगेच नको. सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, वही समोर ठेवून. आणि तुम्हाला स्वतःलाच रोज रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलायचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात लाज कसली.

प्रश्न : मी अक्कलकोट तालुक्यात झेडपी शाळेवर शिक्षक आहे. दोन इयत्ता एका खोलीत, निम्म्या मुलांच्या घरी कन्नड. पालक स्वतः येऊन सांगतात, सर बिनधास्त हाणा, आमची तक्रार नाही. छडी बंद केल्यापासून मुलं घाबरत नाहीत. आता उठाबशा काढायला लावतो किंवा बाकावर उभं करतो, ते तर चालतं ना? आणि पालकांची परवानगी असेल तर? (एक सर)

उत्तर : सर, नाही चालत. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, त्याचं कलम 17 म्हणतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही, आणि जो करेल त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. त्यात 'पालक हो म्हणाले तर' अशी पळवाट नाहीये. शाळेत मारायची परवानगी द्यायचा पालकाला हक्कच नाही, तर ते तुम्हाला देणार कुठून.

उठाबशांचं म्हणाल तर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं 2012 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात शारीरिक शिक्षा म्हणजे काय काय याची यादीच आहे. छडी, डस्टर, चापट, चिमटा, केस ओढणं हे तर आहेच. पण बाकावर उभं करणं, डोक्यावर दप्तर घेऊन उभं करणं, गुडघ्यावर बसवणं, पायातून हात घालून कान धरायला लावणं म्हणजे आपला कोंबडा, वर्गात किंवा संडासात कोंडणं, सगळं त्यात येतं. टोमणे मारणं, नावं ठेवणं, घरच्यांवरून जातीवरून बोलणं हे मानसिक त्रासात. म्हणजे छडी कपाटात ठेवली आणि 'तुझ्या बापानं कधी पाटी बघितली का' म्हटलं तर कायद्यानं दोन्हीला बंदीच आहे, आणि मला विचाराल तर दुसरं जास्त लागतं.

आता कायदा बाजूला ठेवू, कारण कायद्यानं वर्ग गप बसत नाही हे मीही जाणते. तुमच्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत ना, मग आठ दिवस एवढंच बघा की शिक्षा जास्त कुणाला होते. 'सांगितलेलं ऐकत नाही' म्हणून उभा केलेला मुलगा पुष्कळदा 'सांगितलेलं कळलं नाही' असा असतो. दुसरीतल्या मुलाला मराठीत लांबलचक सूचना कळत नाही, तो शेजारच्याला विचारतो, तुम्हाला वाटतं बडबड करतोय. सूचना छोटी द्या, एकदा मराठीत, आणि दोन्ही भाषा येणाऱ्या पोरीला कन्नडमध्ये सांगायला लावा. निम्मा गोंधळ तिथंच बसेल.

दोन इयत्तांना एकाच वेळी शिकवायला गेलात तर एक इयत्ता रिकामी राहते आणि रिकामी पोरं दंगा करणारच, त्यांचा दोष नाही. एका गटाला हाताचं काम देऊनच दुसऱ्याकडं वळा, मणी, काड्या, चित्राला नावं देणं, काहीही. जो सगळ्यात जास्त उड्या मारतो त्याला वह्या वाटायचं, फळा पुसायचं खातं द्या. आणि आवाज चढवण्याऐवजी उतरवून बघा, विचित्र वाटेल पण पोरं ऐकायला थांबतात.

तुमच्यावर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाईन माहित्या, निवडणुकीची कामं, सगळं आहे आणि ज्या दिवशी वरून फोन आलेला असतो त्या दिवशी वर्गात जास्त मार बसतो, हे कुठला शिक्षक नाकारेल? ते ओझं खरंच अन्यायाचं आहे, त्यावर भांडायलाच पाहिजे, पण ते भांडण शिक्षणाधिकाऱ्यांशी आहे, दुसरीतल्या पोराशी नाही.

'न मारता शाळा चालते' हे काही परदेशातून आलेलं खूळ नाहीये सर. गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर काढलं ते मार आणि भीती बाहेर ठेवूनच, आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडकांनी पुढं बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी तेच केलं, तिथं तर मुलं शाळेत यायचीच नाहीत म्हणून शाळाच झाडाखाली, पाड्यावर नेली. त्यांनी छडी उगारली असती तर दुसऱ्या दिवशी एक पोर दिसलं नसतं.

पालकांना काय सांगायचं? पुढच्या पालकसभेत सरळ सांगा, की तुम्ही हाणा म्हणालात तरी मी हाणणार नाही, माझी नोकरी जाईल. हे कारण त्यांना पटकन पटतं, बाकीची कारणं हळूहळू.

प्रश्न : माझं वय 74, मिलमध्ये नोकरी केली. आम्ही गुरुजींचा आणि वडिलांचा भरपूर मार खाल्ला म्हणून तर चार अक्षरं शिकलो. आज नातवाला जरा चापट मारली की सून डोळे वटारते. दोन चापट्यांनी कुणी मरत नाही. आता काय आजी-आजोबांना जेलमध्ये टाकणार का? (एक आजोबा)

उत्तर : आजोबा, तुम्ही शिकलात ते मान्य. पण तुमच्या वर्गात पहिलीला किती पोरं होती आणि चौथीला किती उरली ते आठवा. जी मार खाऊन शाळेतून पळाली, परत आलीच नाहीत, ती मासिकाला पत्र लिहून सांगत नाहीत की मारामुळं आमचं काय झालं. पत्र लिहितात ती उरलेली, तुमच्यासारखी. आणि तुम्ही शिकलात ते मारामुळं की मार असूनही, हे कसं ठरवायचं?

'दोन चापट्यां'चंच म्हणाल तर 2016 मध्ये अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी, गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर, आधी झालेले 75 अभ्यास एकत्र करून बघितले, साधारण 1 लाख 60 हजार मुलांचे. पट्टा-काठीचे नाहीत बरं का, नुसत्या हातानं मारलेल्या फटक्यांचे. जितकं जास्त मारलं जातं तितकी मुलं जास्त उलटून वागतात, जास्त मारामारी करतात, मनाचे त्रासही जास्त, असंच निघालं. मुलं ऐकायला लागतात असा फायदा काही त्यांना सापडला नाही. आपल्याकडं केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये 13 राज्यांतला अभ्यास छापला होता, त्यात शाळेत जाणाऱ्या तीनपैकी दोन मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. मारानं शिस्त आली असती तर आपला देश एव्हाना रांगेत उभा राहायला शिकला असता, हे आपलं माझं मत.

जेलचं म्हणाल तर घरातल्या साध्या चापटीवर थेट बंदी घालणारा कायदा भारतात अजून नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 27, म्हणजे जुनं आयपीसीचं 89, 12 वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं सद्भावनेनं केलेल्या कृतीला संरक्षण देतं, पण जबर दुखापतीला देत नाही. मुलाला क्रूरपणे वागवलं, मारहाण केली तर बालन्याय कायदा 2015 चं कलम 75 आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यातून आईबाप सुटत नाहीत.

स्वीडननं 1979 मध्ये घरातही मारायला बंदी केली, जगात पहिली. त्या कायद्यात वेगळी शिक्षाच ठेवली नव्हती. प्रत्येक घरी माहितीपत्रक पाठवलं आणि दुधाच्या खोक्यांवर छापलं, म्हणजे नाश्त्याला बसलेल्या आईबापांनी आणि पोरांनी दोघांनी वाचावं. आता साठाहून जास्त देशांत असे कायदे आहेत, आपल्या शेजारच्या नेपाळनं 2018 मध्ये केला. तेव्हा घाबरू नका, कुणी न्यायला येत नाही. नातवाला गड्ड्याच्या जत्रेला घेऊन जा, खांद्यावरून नंदीध्वज दाखवा, सूनबाईंचे डोळे आपोआप खाली येतील.

प्रश्न : जुळे सोलापूरमध्ये मुलगी दहावीच्या क्लासला जाते. सर पट्टीनं हातावर मारतात, मार्क कमी पडले की सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. क्लासला शाळेचा कायदा लागत नाही म्हणे. रिझल्ट चांगला आहे म्हणून बाकीचे पालक गप आहेत. (एक बाबा)

उत्तर : शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शाळेसाठी आहे हे खरं, पण वर सांगितलेलं बालन्याय कायद्याचं कलम 75 मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीत आहे त्या कुणालाही लागतं, क्लासवाल्यालाही. आधी क्लासच्या मालकाला लेखी द्या, व्हॉट्सॲपवर नको, कागदावर, तारीख घालून, एक प्रत स्वतःकडं. मुलीला आधी विचारा मात्र, तिच्या नावानं भांडण करायचं तर तिला माहीत पाहिजे. दोन पालक सोबत मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तरी द्या. ऐकलं नाही तर बालकल्याण समिती किंवा पोलीस. आणि क्लास बदला हो, शहरात काय क्लास कमी आहेत का.

शाळेतच मार बसत असेल त्यांच्यासाठी इथंच सांगते, मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती (त्यात तीन चतुर्थांश पालकच असतात, पण पुष्कळांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं, विनाअनुदानित खाजगी शाळेत ही समिती सक्तीची नाही), मग महापालिका किंवा झेडपीचा शिक्षण विभाग. तिथं लेखी तक्रार दिली की 3 महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील.

प्रश्न : मी नववीत आहे. युनिट टेस्टचे मार्क आले की पप्पा बेल्टनं मारतात. मम्मी मधे पडली की तिलापण. पुढच्या आठवड्यात गणिताचा पेपर मिळणार आहे. कुणाला सांगू? (नाव नको)

उत्तर : बाळा, बरं झालं लिहिलंस. मार्क कमी पडले म्हणून बेल्टनं मारावं असा तो गुन्हा नाही, कुणाच्याच घरी नाही. पेपर मिळायच्या आधीच सांगायचं, नंतर नाही. मामा, मावशी, आत्या, शेजारच्या काकू, पप्पा ज्यांचं ऐकतात असं एक माणूस शोध आणि त्यांना त्या दिवशी संध्याकाळी घरी बोलव. शिक्षकांपैकी ज्यांच्याशी बोलता येतं त्यांना सांग, वळ दाखवायला लाजू नकोस. आणि 1098 हा नंबर पाठ कर, तो मुलांसाठीच आहे, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, कुणाच्याही फोनवरून लाव. तुला स्वतःला बोलायचं धाडस होत नसेल तर मैत्रिणीनं किंवा मित्रानं लावला तरी चालतो. मार सुरूच झाला आणि थांबत नसेल तर 112, म्हणजे पोलीस. मम्मीला सांग, तिच्यासाठी 181 हा बायकांच्या मदतीचा नंबर आहे.

हे पान पप्पांना दिसेल असं ठेवायचं की नाही ते तू ठरव. मार वाढेल असं वाटत असेल तर नको ठेवू, दप्तरातही नको, नंबर तेवढे वहीच्या मागं लिहून घे.