पाय जळतात, पण लिव्हरचे आकडे नॉर्मल

धायरीच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ५४. दोन वर्षं तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री चादरीचा स्पर्शही नको वाटतो. थंडीत नडग्यांवर लाल-जांभळे ठिपके उठतात. बी-१२ची इंजेक्शनं घेऊन गुण नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी केलेल्या तपासणीत हेपॅटायटिस सी (लिव्हरला सूज आणणारा विषाणू) पॉझिटिव्ह निघाला. लिव्हरचे आकडे नॉर्मल, म्हणून घरचे म्हणतात, "सोडून दे." सासूबाईंनी ताट-वाटी मात्र वेगळी केली.

ताई, सोडून देऊ नका. या विषाणूशी झुंजताना काहींच्या रक्तात क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिनं तयार होतात. गारव्यात ती साकळतात आणि बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणतात. कातडीत हे घडलं की ठिपके. नसांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत घडलं की आग आणि मुंग्या. लिव्हरची एसजीपीटी तपासणी नॉर्मल असतानाही हे होतं. तुमची लक्षणं या चित्राशी जुळतात.

आधी एचसीव्ही आरएनए करा, म्हणजे रक्तात विषाणू आहे का ते दाखवणारी चाचणी. नुसती अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आज अंगात आहेच असं नाही. सोबत सी-४ आणि आरए फॅक्टर (या आजाराचा माग देणाऱ्या रक्ततपासण्या), साखर, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन व लघवीची तपासणी. उकिडवं बसून उठताना मांड्यांत जोर उरत नसेल तर स्नायूंची सीपीके तपासणीही. क्रायोग्लोब्युलिनसाठी घरून सॅम्पल देऊ नका. रक्त गरम नळीत घेऊन ३७ अंशांवरच साकळू द्यावं लागतं, मग वेगळा केलेला सीरम (रक्तावरचं पातळ पाणी) काही दिवस ४ अंशांवर ठेवून पाहतात. वाटेत सॅम्पल गार झालं की आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. हे लॅबला आधी विचारा. नसांचा वेग मोजणारी एनसीव्ही तपासणी नॉर्मल आली तरी खचू नका. बारीक तंतूंचं दुखणं तीत दिसत नाही.

आरएनए पॉझिटिव्ह आला तर सोफोसबुवीरसोबत वेलपाटासवीर किंवा डाक्लाटासवीर या विषाणूवरच्या गोळ्या, साधारण १२ आठवडे. बहुतेक जण पूर्ण बरे होतात. सरकारच्या हेपॅटायटिस कार्यक्रमात २०१८पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. गोळ्या सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बी तपासून घ्या, कारण तो दबलेला असला तर या गोळ्यांनंतर उसळू शकतो. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. नसांच्या दुखण्यावर काही वेळा कार्बामाझेपिन देतात, पण त्याने सोफोसबुवीरचा असर उतरतो. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी वेलपाटासवीर नीट शोषलं जात नाही. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए पुन्हा करायचा. विषाणू गेला तरी नसा सावकाश भरतात. आग कमी व्हायला कित्येक महिने लागतील, थोडा बधिरपणा कदाचित राहील.

तोवर पहाटे मोजे घाला, अनवाणी फिरू नका, रोज तळवे पाहा.

सासूबाईंना हा मजकूर वाचून दाखवा: जेवणातून, ताटातून हा आजार पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते रक्त लागू शकणारं नेलकटर, दातांचा ब्रश आणि ब्लेड.

आणि चालताना चप्पल पायातून निसटू लागली, पाऊल उचलेनासं झालं किंवा लघवी फेसाळ वा लालसर झाली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जा.