पुढचे नाल काढल्यावर मुरमावर लंगडणारी घोडी: माझा अनुभव

शर्यतीतून निवृत्त झालेली आपली थरोब्रेड घोडी पुढचे नाल काढल्यापासून बारा दिवस मुरमाच्या वाटेवर पाऊल टाकायला तयार नाही, आणि "रोज चालवा, तळवा आपोआप कडक होईल" असा सल्ला आपल्याला मिळाला आहे, हे वाचून मला माझीच घोडी आठवली. तो सल्ला मी तंतोतंत पाळला होता. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे खाली लिहिले आहे ते एका घोडीच्या चार पायांपुरते समजावे.

माझी चूक नाल काढण्याची नव्हती, त्याच दिवशी झालेल्या कापणीची होती. नालबंदाने नवा नाल ठोकण्यापूर्वी करतात तसाच तळवा खरवडून गुळगुळीत केला आणि खुराच्या तळाशी असलेली ती त्रिकोणी गादी, जिला तो पुतली म्हणत असे, तीही छाटून टाकली. नाल असताना लोखंडामुळे तळवा जमिनीपासून उचललेला राहतो, म्हणून ते खपून जाते. नाल नसताना मात्र ती खरवडलेली साल हेच घोडीचे एकमेव जोडे असतात. तिला मी रोज अर्धा तास मुरमावर चालवले. ती टाच टेकण्याऐवजी पुढच्या टोकावर पाऊल टाकू लागली, तेव्हा दुखणे थांबावे म्हणून फिनाईलब्यूटाझोन सुरू झाले, दुसऱ्याच दिवशी ती सरळ चालली आणि मी आनंदाने फेरी वाढवली. औषध थांबताच तिने डावा पाय जमिनीवर ठेवणेच सोडले. तळव्यात पू झाला होता. दुखणे हीच तिची तक्रार होती आणि तिचे तोंड मीच बंद केले होते, हे मला आजही बोचते.

त्यानंतर क्ष-किरण चित्रासाठी एका दवाखान्याने तीन पायांवरच्या जनावराला ट्रकमधून चाळीस किलोमीटर आणायला लावले आणि पोहोचल्यावर यंत्र चालवणारे रजेवर असल्याचे सांगितले. असो. शेवटी चित्र निघाले तेव्हा खुरातल्या हाडाखाली तळवा जेमतेम आठ मिलीमीटर होता. साधारण पंधरा तरी असावा असे मानतात. हे चित्र नाल काढण्याआधी काढले असते तर पुढचे काहीच घडले नसते, म्हणून आपण निदान आता तरी सर्वांत आधी ते काढून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

तोवर मुरूम पूर्ण बंद ठेवावा. तबेल्यात रबरी चटई आणि मोकळ्या जागेत वाळू किंवा मऊ माती पुरते; बाहेर नेताना जाड फोमचा तुकडा तळव्याला चिकटपट्टीने बांधावा, आणि खुराचे बूट घ्यायचे असल्यास माप कापणीनंतर घ्यावे, नाहीतर टाचेवर घासून जखमा होतात. सकाळी खुराच्या वरच्या सांध्यामागे नाडी बोटाने पाहावी: एरवी ती जेमतेम लागते, ठणठणीत उडत असेल किंवा घोडी अचानक पाय टेकेनाशी झाली असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावे. जाता जाता सांगतो, लाडाने दिला जाणारा गूळ आणि जास्तीचे धान्यही बंद करावे, कारण साखर आणि पिष्टाचा भार खुरालाही भोवतो. आणि पुतलीला वास येत असल्यास कोणी सुचवले तरी कोरडी मोरचूद जिवंत मांसावर भरू नये, ती भाजते.

खूर महिन्याला एक सेंटीमीटरपेक्षा कमी वाढतो, त्यामुळे पुढची भिंत, म्हणजे खुराचा बाहेरून दिसणारा कडक भाग, वरून खाली पूर्ण नवी यायला नऊ ते बारा महिने लागतात. त्या हिशेबात आपले बारा दिवस काहीच नाहीत. इतके करूनही ती सुखाने चालत नसेल, तर पुन्हा नाल ठोकण्यात मला कमीपणा वाटत नाही, मग अनवाणी घोड्यांचे कट्टर पुरस्कर्ते काहीही म्हणोत. माझी घोडी आता शेतात आणि डांबरावर अनवाणी चालते. नव्याने खडी टाकलेल्या रस्त्यावर तिला अजूनही बूट लागतात.