लिनक्सवरचा जीपीएल प्रोग्रॅम विंडोजवर आणि आयफोनवर पोर्ट करायला मूळ लेखकाची परवानगी लागते का?

तुम्ही लिहिलंय की प्रोग्रॅम जीपीएल (कोड वापरू, बदलू आणि वाटू देणारं, पण वाटताना तीच मोकळीक पुढे द्यायला लावणारं लायसन्स) व्हर्जन २ खाली आहे, विंडोजचं पोर्ट (म्हणजे त्या सिस्टीमवर चालणारं रूप) जवळपास झालंय, पुढे आयफोनवर न्यायचंय, आणि निम्मा कोड तुम्ही नव्याने लिहिल्यामुळे स्वतःचं लायसन्स लावायचा विचार आहे.

विंडोजपुरती परवानगी नको. ती लायसन्सनेच दिलेली आहे. स्वतःचं लायसन्स मात्र विसरा. विंडो उघडणारा, फाइल वाचणारा भाग तुम्ही शून्यातून लिहिला असला तरी पोर्ट हे मूळ कामावरूनच उभं राहिलेलं काम आहे, त्यामुळे अख्खा प्रोग्रॅम जीपीएलखालीच वाटावा लागतो. मूळ कोडची एकही ओळ नसलेल्या तुमच्या फाइली तुम्ही वेगळ्याने एमआयटी या मोकळ्या लायसन्सखालीही देऊ शकता, त्याला कुणाची ना नाही. पैसे घेऊन विकलंत तरी चालतं, पण ज्याला बायनरी (चालवायला तयार प्रोग्रॅम) दिली त्याला सोर्स (मूळ कोड) मिळायलाच हवा. त्या सोर्समध्ये बिल्डच्या, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या, स्क्रिप्टही येतात. पोर्टची अर्धी मेहनत त्यातच असते, म्हणून त्या स्वतःकडे ठेवायचा मोह होतो. ते चालत नाही. शिवाय ज्या फाइली बदलल्या त्यांत बदल केल्याची नोंद आणि तारीख घाला. व्हर्जन २ मध्ये ही अट स्पष्ट लिहिलेली आहे.

खरी भानगड पुढे आहे: नव्या सिस्टीमवर प्रोग्रॅमला काय काय जोडावं लागतं.

विंडोजच्या स्वतःच्या लायब्ररी (प्रोग्रॅमला जोडायचे तयार कोडचे संच) बंद सोर्सच्या, तरी त्यांना जीपीएल प्रोग्रॅम जोडता येतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुख्य भागांबरोबर एरवी येणाऱ्या गोष्टींचा सोर्स द्यायची गरज नाही, अशी सूट लायसन्समध्येच आहे. पण व्हर्जन २ मध्ये तिला एक शेपूट आहे: तो भाग तुमच्या प्रोग्रॅमसोबतच दिला जात असेल तर सूट नाही. म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची रनटाइम डीएलएल (प्रोग्रॅम चालताना लागणारी लायब्ररीची फाइल) स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये कोंबली, तर काटेकोर वाचणारा माणूस हरकत घेऊ शकतो. मी मिंगडब्ल्यू या मोफत कंपायलरने बांधतो आणि विंडोजमध्ये आधीपासून असलेलं रनटाइम वापरतो, म्हणजे हा वाद उद्भवतच नाही.

हाच नियम ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीला लावून बघा. लिनक्सवर ती डिस्ट्रोकडून (उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचाकडून) येते, विंडोजवर तुम्हाला ती सोबत द्यावी लागते. २०२१ च्या ३.० पासून तिचं लायसन्स अपाचे २.० आहे. ते जीपीएल व्हर्जन ३ शी जुळतं, नुसत्या व्हर्जन २ शी नाही, असं खुद्द जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं म्हणणं आहे. म्हणून मूळ फाइलींच्या डोक्यावरची सूचना नीट वाचा. तिथे ‘किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती’ असं असेल तर व्हर्जन ३ निवडून मोकळे व्हा. नसेल तर लेखकांनी ओपनएसएसएलसाठी वेगळी सूट लिहून ठेवलीय का ते पाहा, नाहीतर दुसरी लायब्ररी शोधा. लायब्ररी निवडायच्या आधी हे बघावं. कोड लिहून झाल्यावर बघितलं तर फार महागात पडतं.

‘एका सिस्टीमवर चाललं, मग दुसरीवर का नाही’ हा प्रश्न झेडएफएसच्या बाबतीतही येतो. सन कंपनीची ही फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली ठेवायची व्यवस्था) सीडीडीएल या सनच्याच ओपन सोर्स लायसन्सखाली आली. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २००८ च्या ७.० आवृत्तीत ती बिनबोभाट सामील झाली, कारण बीएसडी लायसन्सची तिला आडकाठी नव्हती. लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) जीपीएल व्हर्जन २ चा, आणि ते सीडीडीएलशी जुळत नाही असं मानलं जातं, म्हणून तिथे ती आजही कर्नलबाहेरचं मॉड्यूल आहे. २०१६ मध्ये उबुंटूने ते मॉड्यूल सोबत दिलं तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्वन्सी या मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या संस्थेने जाहीर आक्षेप घेतला होता.

आता आयफोन. इथे माझं पहिलं उत्तर बदलतं. अ‍ॅप स्टोअरच्या अटी वापरणाऱ्यावर बंधनं घालतात आणि जीपीएल म्हणतं की वाटताना जादा बंधनं घालू नका. याच कारणावरून एका डेव्हलपरने तक्रार केली आणि जानेवारी २०११ मध्ये व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर) अ‍ॅप स्टोअरवरून गेलं. ते २०१३ मध्ये परतलं, पण मधल्या काळात जुन्या योगदानकर्त्यांना गाठून, त्यांच्या संमतीने मूळ लायब्ररीचं लायसन्स एलजीपीएल (जीपीएलचं जरा सैल रूप) करावं लागलं. म्हणजे तुम्हालाही परवानगी लागेल, आणि ती एकट्या मूळ लेखकाची पुरणार नाही. ज्यांचा ज्यांचा कोड आत आहे त्या सगळ्यांची लागेल. गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास उघडून आधी नावं मोजा. तीन-चार असतील तर अ‍ॅप स्टोअरसाठी जादा सूट मागणारी सरळ ईमेल पाठवा, बहुतेक लोक हो म्हणतात. पन्नास असतील आणि त्यातले निम्मे पत्ते बंद पडलेले असतील, तर मी आयफोनचा नाद सोडून विंडोजचं पोर्ट नीट पूर्ण केलं असतं.

ईमेल करालच, तर नावाचंही विचारून घ्या. कोड जीपीएल असला तरी प्रोग्रॅमचं नाव आणि लोगो ट्रेडमार्क असू शकतात, आणि लायसन्स त्यांची परवानगी देत नाही.