गावात मानसोपचारतज्ज्ञ नाही, आई जिल्ह्याला यायला तयार नाही. व्हिडिओ कॉलवर उपचार होतील का?

तुम्ही पुण्यात, आई गावी. सहा महिन्यांपासून तिची झोप उडालीय, कुणाशी बोलत नाही आणि दवाखान्याचं नाव काढलं की "माह्यं डोकं चांगलं हाये" म्हणून विषय तोडते, असं तुम्ही लिहिलंय. व्हिडिओ कॉलवर उपचार होतात. पण डॉक्टर स्क्रीनवर येणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका आरोग्य उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून रुग्णाची डॉक्टरांशी गाठ घालून देणं हे रोजचं काम. बीपी-शुगरचे कॉल दहा मिनिटांत उरकतात, मनाच्या दुखण्याचे नाही.

मागे पन्नाशीच्या एक काकू आल्या. छातीत धडधड, हातापायांची आग, जेवण जात नाही. सोबत मुलगा, आणि मोबाइल त्याच्याच हातात. डॉक्टरांनी विचारलं, "उदास वाटतं का?" "नाही." "कसली चिंता?" "नाही." मुलगा मध्येच, "तिला कशाचं टेन्शन? घरी सगळं चांगलं आहे." मी त्याला केसपेपर काढायला बाहेर पाठवलं (तो आधीच काढलेला होता), दार लोटलं आणि म्हटलं, "काकू, जीव कशातच लागत नाही का?" पदर तोंडाला लावून त्या किती वेळ रडल्या. डॉक्टर पलीकडे गप्प बसून राहिले, तेच बरं झालं. 'उदास' हा शब्दच त्यांच्या बोलण्यातला नव्हता.

म्हणून आईला "मानसोपचार" म्हणू नका. झोप आणि अशक्तपणा दाखवायला उपकेंद्रात चल म्हणा. तिथल्या रांगेत अर्धं गाव बीपी मोजायला बसलेलं असतं, कोण कशासाठी आलंय हे कुणी विचारत नाही. जिल्ह्याच्या मनोविकार ओपीडीबाहेर बसलेलं मात्र कुणी पाहिलं, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. आशाताईंना आधी विश्वासात घ्या. तिशीवरच्या माणसांचा सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली) त्या भरतात, त्यात मनाबद्दलचेही दोन प्रश्न असतात, त्यामुळे विषय काढायला निमित्त मिळतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. थकवा, बेचैनी तिथूनही येते आणि ते स्क्रीनवर दिसत नाही.

त्याआधी तुम्ही स्वतः १४४१६ ला फोन करा. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर तज्ज्ञांकडे जोडून देतात. घरच्यांनी फोन केला तरी चालतो. आईशी कसं बोलायचं हे विचारायलाही करा.

खरं घोडं अडतं ते औषधाशी. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार काही औषधं पहिल्याच व्हिडिओ तपासणीत सुरू करता येतात, काही फक्त पुढच्या तपासणीत, आणि काही फोनवरून अजिबात लिहून देता येत नाहीत. चिठ्ठी मोबाइलवर येते, पण गोळी काही मोबाइलमधून येत नाही. आमच्या उपकेंद्रात ही औषधं नसतात. ग्रामीण रुग्णालयात मिळतील का, नाहीतर तालुक्याच्या कुठल्या मेडिकलमध्ये, हे कॉलच्या आधीच विचारून ठेवा. उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आमच्याकडे निम्मे लोक पाचव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडतात, आणि बरं वाटलं तरी सोडतात. बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारूनच. आणि झोपेची गोळी कुणाच्या सांगण्यावरून परस्पर आणून देऊ नका.

आई "जगून काय करायचं" असं बोलत असेल, तर व्हिडिओ कॉलची वाट पाहू नका. तिला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा. तिने काही करून घेतलं किंवा करेल असं वाटलं, तर १०८ बोलवा.

राहिला कॉल. तो तुमच्या धाकट्या भावाच्या मोबाइलवर, ओसरीत, चार माणसांत लावू नका. उपकेंद्रात खोली आणि दार दोन्ही आहे. आणि सकाळचीच वेळ घ्या. आमच्याकडे दुपारी लाइट गेली की मागोमाग टॉवरही जातो.