कपासिया तेल बीटीचं, मग खायचं का?

प्रश्न: ताई, आम्ही दांडिया बाजारातले, वडोदऱ्यात तीन पिढ्या झाल्या, भजी-शेव सगळं कपासिया म्हणजे सरकीच्या तेलातच. आता सूनबाई म्हणते हा बीटी कापूस आहे, म्हणजे बोंडअळी मारायला जिवाणूचा जीन घातलेला, डबा बंद करा. खरंच धोका आहे का हो?

उत्तर: सूनबाईचं अर्धं बरोबर आहे, 2002 ला परवानगी मिळाली तेव्हापासून देशातला बहुतेक कापूस बीटीच झालाय आणि हे तेल त्याच्याच सरकीचं. पण बीटी जीन जे बनवतो ते प्रोटीन असतं आणि रिफाइंड तेलात प्रोटीन जवळजवळ उरतच नाही, शिवाय ते बोंडअळीच्या अल्कलाइन आतड्यात काम करतं, आपल्या पोटातल्या ॲसिडमध्ये पचून जातं. मला खरी काळजी वेगळीच वाटते, सरकीत मुळातच गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, बीटी असो नसो, ते रिफायनिंगमध्ये निघतं, म्हणून सुटं कच्चं तेल अजिबात घेऊ नका. बीटी वांगं मात्र 2010 पासून सरकारने थांबवलंय, ते आपण सालीसकट भाजीत खाणार, तिथे जास्त तपासणी मागणं मला योग्यच वाटतं. आणि तेल बीटीचं आहे हे डब्यावर स्पष्ट लिहायलाच हवं, हा सूनबाईचा हक्क आहे, तिला गप्प करू नका.